धुक्यातला हात

सत्तरच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात माझी श्रद्धा पार आटली होती. पत्नीची कूस दोनदा रिकामी झाली होती, आणि तिसऱ्या वेळी सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मी अल्लीपूरला शिक्षक. दारात सासऱ्यांची जुनी मोटार होती. बॉनेट उघडून इंजिनाच्या पंख्याचा पट्टा पाहावा, चाकं तपासावीत, हे मी कित्येक महिने टाळत आलो होतो. मनच कशात नव्हतं.

सकाळी तिला मागच्या सीटवर झोपवून वर्ध्याकडे निघालो. धुक्यात रस्ता विरघळला होता, दोन्हीकडची कपाशीची पऱ्हाटी तरंगल्यासारखी भासत होती. इंजिनातून बारीक चिरका आवाज येत होता. मला तो स्वप्नातल्यासारखा, फार लांबून ऐकू येई. तेवढ्यात समोर एक हात वर झालेला दिसला. मी थांबलो.

बाजूच्या विहिरीवरून एक म्हातारा शेतकरी आला. "भाऊ, पट्टा ओरडून राह्यला. ऐकू नाई येत काय तुले?"

"काका, थांबायला वेळ नाही. बायको अडलीय."

"म्हणूनच म्हणतो. विहिरीवरच्या इंजिनचा पट्टा रोज पाहतो मी. जरासा वेळ दे मले."

पट्टा सैल पडून चिरला होता. त्यानं तो ताणून घट्ट केला. मग चाकांवरून हात फिरवला. पुढच्या टायरला आतून लिंबाएवढा फुगा आला होता. आम्ही दोघांनी ते चाक बदललं. "भिऊ नको माय, पोहोचशील," तो पत्नीला म्हणाला.

वर्ध्याला तिला दवाखान्यात पोहोचवून नंतर गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यानं नुसता हात लावला, तर पट्टा तुटून पडला. तोवर आमची मुलगी जन्मली होती. मुठीएवढी, पण रडत होती.

महिन्याभरानं पेढे घेऊन त्या विहिरीवर गेलो. "काका, तुम्ही हात केला नसता तर..."

तो गोंधळला. "म्या कायले हात करू? गव्हाले पाणी देत होतो, तुह्याकडं पाठ होती. तूच थांबला, म्हणून आलो."

मी पेढ्यांचा पुडा उघडून त्याच्यापुढे धरला. तेव्हापासून गाडी काढण्याआधी पट्टा दाबून पाहतो, टायरांवरून आतबाहेर हात फिरवतो. देवावर सोपवणं म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे, हे मला उशिरा कळलं. जपायचं आपण, आणि उरलेलं निश्चिंत मनानं त्याच्या पायाशी ठेवायचं.

त्या दिवशी म्हाताऱ्यानं पेढा कपाळाला लावला आणि अर्धा मोडून मला दिला. तो तोंडात टाकताना ध्यानात आलं, आज देवाजवळ मागायला माझ्याकडे काहीच नव्हतं.