आबासाहेबांची बिनक्लचची गाडी

भुताखेतांच्या गोष्टी मी करमणूक म्हणून वाचतो. विश्वास कधीच नव्हता... पण आमच्या महाळुंगे पडवळला भर दुपारी जे घडलं, ते सांगतो.

गावचे बागायतदार आबासाहेब यांनी मुंबईहून जुनी अमेरिकन गाडी आणली होती. ऑटोमॅटिक – क्लच नाही. "गिअर टाकायला आम्ही काय ड्रायव्हर आहोत?" असं ते स्वतः स्टिअरिंगवर बसून विचारायचे.

त्या दिवशी माझी धाकटी बहीण कुसुम अडली. सुईणीनं हात टेकले – "दवाखान्यात न्या." एस.टी. गेलेली, बैल लांब रानात. आबासाहेबांनी गाडी देऊ केली, पण ती जागची हलेना. जुन्नरचे रहीमचाचा मिस्त्री तिच्याखालीच होते. तरी आशेनं कुसुमला मागच्या सीटवर निजवलं, उशाशी आई.

चाचांनी गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढून हुंगली. काळं, करपलेलं.

"आबासाहेब, ह्यात काय वतलंय?"

"भारी गाडीला भारी तेल. घट्ट!"

"हिला पातळ लागतंय, राव. आतले पट्टे जळले असतील."

तेल बदललं. इंजिन चालू ठेवून गिअरचा दांडा मागे-पुढे करून पाहिला. इंजिन गर्जायचं, चाकं ढिम्म.

"दादा, निघालो का रं?" आतून कुसुम.

"निघालो," मी म्हणालो.

थोड्या वेळानं तिचं कण्हणं थांबलं... आणि गाडी हिसका देऊन पुढे सरकली.

"सुटली!" चाचा ओरडले.

ओसरीवरून आत्या धावत आली – "सुटली का गं बाई! पोरगा का पोरगी?"

आई आत कुसुमचे गाल थोपटत तिला हाका मारत होती.

चाचांनी गाडी मंचरच्या डॉक्टरांकडे नेली. वाटेत कुठे अडखळली नाही. डॉक्टरांनी मान हलवली. मूलही गेलं होतं. त्याच गाडीतून दोघांना घरी आणलं.

नंतर चाचांनी गिअरबॉक्स उघडला. आतल्या पट्ट्यांचा कोळसा.

"भाऊ, ही चालायचीच न्हाई."

"चाचा, तुम्हीच तर चालवलीत."

"तेच म्हनतोय."

आबासाहेब सांगत फिरतात, अमेरिकन माल तो अमेरिकन माल. माझ्याकडे तेवढंही स्पष्टीकरण नाही. भुताचं काम म्हणायलाही आता माझी हरकत नाही – पण मग ते भूत इतकं उशिरा का आलं?