नोटीस सरळ लावणारा

घर काढून घ्यायला आलेला माणूस दारात चपला काढून आत येतो, असा मी जन्मात एकच पाहिला. फायनान्स कंपनीचा वसुलीवाला. स्वतःच्या काढायचाच, वर आमच्या अस्ताव्यस्त पडलेल्याही जोडीजोडीनं भिंतीला लावून ठेवायचा. अंबरनाथच्या कंपनीत मशीनखाली माझ्या पोराचा उजवा हात सापडला, काम सुटलं, घराचे हप्ते थकले, तेव्हापासून ह्याचं येणं सुरू झालं. तीन मजले चढून धापा टाकत यायचा, पाणी प्यायचा नि म्हणायचा, "आजी, मी धमकी द्यायला आलोय. जरा बसू का?" नोटीस लावावी तर त्यानंच. पहिल्यांदा वाकडी लागली म्हणून सोलून काढली, माझ्याकडूनच मैद्याची खळ करून घेतली, परत लावली, नि लांब जाऊन एक डोळा मिटून बघितली. "आता बघा कशी शोभते!" मग मला नोटिशीशेजारी उभं करून फोटो काढताना म्हणतो, "जरा हसा, आजी." नि लगेच जीभ चावून, "नको नको, साहेब ओरडतील."

घराला सील लावायला आला तो नेमका गणपतीत. मी म्हटलं, "लाव कुलूप. आत बाप्पा बसलेत, त्यांना विचार." त्यानं दोन्ही कान धरले, जिन्यात जाऊन फोन लावला. "साहेब, आत आपल्यापेक्षा मोठी पार्टी बसलीय." मग मला विचारतो, "किती दिवसांचा?" आमचा दरवर्षी दीड दिवसाचा. मी म्हटलं, "अकरा." "गेल्या सालीपण अकराच?" "गेल्या साली तू कुठं आला होतास?" मी मनातच बाप्पाची माफी मागितली. तुलाही छप्पर पायजेच की रे, म्हटलं, बस गुमान. वसुलीवाला मग विसर्जन झालं का बघायला रोज यायचा नि आरतीला उभा राहायचा. टाळी कधी ठेक्यात पडली नाय, पण आवाज असा, की खाली झोपलेली कुत्री उठून बसायची.

सहाव्या दिवशी मोदक खाता खाता त्यानं आमची फाईल उघडली नि घास तोंडातच राहिला. "आजी, तुमच्याकडं लिफ्ट कुठाय?" "चिखलोलीतल्या ह्या बिल्डिंगीत लिफ्ट असती तर माझे गुडघे असे झाले असते का?" फाईलीत नाव आमचं, पण कर्जाच्या वेळच्या फोटोतलं दार भलत्याचंच, शेजारी चकचकीत लिफ्ट. म्हणजे कर्ज देताना घर बघायला कुणी जिना चढलंच नव्हतं. द्यायला पाय दुखले, न्यायला बरे चढले! तो हळूच म्हणाला, "हा फोटो लेखी मागा. घर न बघता कर्ज कसं दिलं, तेही विचारा. मी सांगितलं म्हणू नका."

पोरानं डाव्या हातानं अर्ज लिहिला. अकराव्या दिवशी बाप्पा गेले, सील काय आलं नाय. महिन्याभरानं साहेबांनी बोलावून चहा पाजला, मुदत वाढवली, हप्ता निम्मा केला. आमची चूक झाली, असं कुणी म्हटलं नाय. चहात साखर मात्र जास्त होती.

वसुलीवाला पुन्हा आला नाय. कामावरनं काढला म्हणतात. फाईल उघडून बघणारा तिथं तो एकटाच, त्यामुळं आम्हाला कुणी सांगितलं ते शोधायला त्रास पडला नसेल. यंदा बाप्पा दीडच दिवस बसले. आरतीला सगळ्यांच्या टाळ्या ठेक्यात, नि दाराबाहेर चपलांचा ढीग. नोटीस काढून टाकली, पण खळीचे चार डाग दारावर तसेच आहेत. सून म्हणते, खरवडून काढते. मी म्हणते, राहू दे गं. सरळ आहेत.