दोनशे चौदा भेटी

मी आयुष्यात कोणतीही वस्तू सांगितल्या किमतीला घेतली नाही, आणि त्यामुळेच गेल्या वर्षी माझा मेहुणा माझ्याशी बोलेनासा झाला.

रायपूरजवळ खुर्सीपारला माझं नळ-फिटिंगचं दुकान. सुनंदाला, माझ्या बायकोला, जाऊन वर्ष होत आलं होतं. आमच्या मुलीने, पल्लवीने, आईसाठी वेबसाइट बनवली. फोटो, त्याखाली आठवणी लिहायला चौकट, आणि तळाशी भेटींचा आकडा.

"बाबा, हे अभी टेस्टिंगले आहे. सर्व्हर याच लॅपटॉपवर चालून राहिला. बाहेर दाखवाचं तर इंटरनेटवर जागा भाड्यानं घ्या लागते."

"घरचा लॅपटॉप असून भाडं कावून?"

"बाबा, सुनो तो!"

मी ऐकतो कधी? ती रायपूरला नोकरीवर गेली. लॅपटॉप घरी सुरूच होता. मी वरचा पत्ता जसाच्या तसा उतरवला (लोकलहोस्ट, दोन टिंबं, आठ हजार) आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

दुपारी पाहिलं, भेटी नऊ! संध्याकाळी तीस! दुकानातून जेवायला आलो की उघडायचो, चहाला आलो की उघडायचो. दर वेळी आकडा वाढलेला. आठवड्यात दोनशे चौदा! पण आठवण? एकही नाही. एवढे लोक येतात, बघतात आणि दोन ओळी न लिहिता जातात? माझं डोकं फिरलं. सुनंदाच्या भावाला, विजयला, नागपूरला फोन लावला.

"बहिणीसाठी दोन शब्द लिहाले हात दुखून राहिले का तुझे?"

"भाऊजी, माझ्याकडे उघडतच नाही ते."

"दोनशे चौदा जणांकडे उघडते, अन् तुझ्याकडेच कावून नाही?"

"ताईचा फोटो पाहाले मी चार दिवसांपासून तडफडून राहिलो, अन् तुम्ही मले..." त्याने फोन कापला.

रविवारी पल्लवी आली. "बाबा, हा पत्ता फक्त याच लॅपटॉपवर चालते. बाहेरचं कोणीच आलं नाही."

"मग दोनशे चौदा?"

तिने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्हीच, बाबा."

दुसऱ्या दिवशी जागा भाड्याने घेतली. सांगितली ती किंमत, गुपचूप! विजयची मी माफी मागितली. उत्तर फोनवर नाही, चौकटीत आलं, पहिली आठवण म्हणून: "ताई, भाऊजीले तूच आवरत होतीस. आता कोण आवरन?"

खाली भेटी चाळीस. त्यातल्या माझ्या किती, हे मी पल्लवीला विचारलेलं नाही.