दहा सेंटांची माशी

व्हर्जिल स्टकीला आनंद लपवता येत नसे, आणि ओक्लाहोमात जुन्या बंदुकांचा शौक करणाऱ्या माणसात याहून मोठी खोट नाही. कुणाला दमा असतो, कुणाला पत्त्यांचा नाद असतो; व्हर्जिलला आनंद व्हायचा. झाला की आधी कान लाल होत, आणि मग तो नाकातल्या नाकात चर्चमधलं एक भजन गुणगुणू लागे. भजन ठरलेलं. सूर दर वेळी नवा. प्लम फोर्कच्या जत्रेच्या मैदानातल्या पत्र्याच्या हॉलमध्ये दर वसंतात बंदुकांचा बाजार भरे, तेव्हा टेबलामागचे विक्रेते मालाकडे बघतच नसत. ते व्हर्जिलच्या कानांकडे बघून भाव सांगत.

बाकी माणूस लाखात एक. पवनचक्क्या दुरुस्त करायचा त्याचा धंदा. वारा सुटलेला असताना शिडीच्या टोकावर बसून तो शांतपणे पात्यांना तेल घाली आणि खालच्या गाईंना हवामानाचा अंदाज सांगे. गाई ऐकून घेत. घरी मात्र पाकीट बायकोकडे, म्हणजे आर्व्हेलाकडे असे. त्याला कारणही तसंच होतं. मागे एकदा पाकीट त्याच्या खिशात राहिलं, आणि बाजारातून येताना त्याने चाकं नसलेली तोफ आणली. ती अजून कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी आहे. आत एक कोंबडी अंडी घालते.

पण हा सगळा शौक खरं तर एकाच वस्तूसाठी होता, आणि ती वस्तू आर्व्हेलाची होती.

लग्नाआधी आर्व्हेला रोडिओच्या खेळांत नेमबाजी करायची. भरधाव घोड्यावरून फुगे फोडायची आणि वर प्रेक्षकांना जीभ दाखवायची. तिच्याकडे काकाचं एक रिव्हॉल्व्हर होतं. सिलिंडरवर लांब लांब खाचा असलेलं, मोजकीच निघालेल्या जातीतलं. शौकीन मंडळींनी ते काचेच्या पेटीत ठेवून त्याची पूजा बांधली असती. आर्व्हेलाला असलं काही ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी तिने ऐकलं नसतं. तिचा हात लहान. म्हणून तिने मूठ कानशीने घासून घासून गाजरासारखी बारीक केली. नळी जड वाटली, म्हणून काकाच्या शेडमध्ये करवत घेऊन ती कापली, आणि तीही जरा तिरकी. नळीच्या टोकासोबत तिथली माशी गेली. माशी म्हणजे नेम धरायला टोकावर असतो तो उंचवटा. आता नवी माशी कुठून आणायची?

त्याच उन्हाळ्यात एका जत्रेत लांब मानेच्या एका पोराने धीर करून तिला दहा सेंटांचं चांदीचं नाणं दिलं आणि म्हणाला, "सरबत पी." तिने नाणं घेतलं, सरबत प्यायली नाही. दुसऱ्या दिवशी अर्धं नाणं नळीवर डाख देऊन उभं केलेलं त्याला दिसलं. पोराचे कान लाल झाले. तो व्हर्जिल.

लग्न झालं तेव्हा व्हर्जिलकडे शिडी होती, तेलाचा डबा होता, ट्रक नव्हता. एका सकाळी आर्व्हेला रिव्हॉल्व्हर घेऊन गेली आणि संध्याकाळी ट्रक चालवत आली. "उद्यापासून कामाला लाग," एवढंच म्हणाली. व्हर्जिल म्हणाला, "मी ते परत आणीन." ती म्हणाली, "आधी चक्क्या फिरव." त्यानंतर दोघांत तो विषय निघाला नाही. मुलं झाली, मोठी झाली, टल्साला गेली. व्हर्जिल दर वसंतात बाजाराला जात राहिला.

आणि त्या शनिवारी, इमोजीन टिब्स नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या टेबलावर, दोन गंजक्या शिकारी बंदुकांच्या मधोमध, त्याला ते दिसलं. गाजरासारखी मूठ. तिरकी नळी. टोकाला अर्धं नाणं.

त्याने ते उचललं. कान पेटले. भजन सुरू झालं.

त्या बाजाराचा एक नियम आहे. वस्तू ज्याच्या हातात, बोलणी त्याची. तो ती खाली ठेवत नाही तोवर दुसऱ्याने भाव विचारायचा नाही, हातही लावायचा नाही. एकदा खाली ठेवली की त्याचा हक्क संपला. इथे लोक चर्च बदलतात, बायको बदलतात, पक्षसुद्धा बदलतात, पण हा नियम कुणी मोडत नाही.

"आवडलं वाटतं," विणकामातून मान वर न करता इमोजीनबाई म्हणाल्या. नवरा गेल्यापासून त्याची शस्त्रं विकून खोली रिकामी करायचा त्यांनी चंग बांधला होता. भजन ऐकून त्यांनी मनातला भाव वाढवून सांगितला.

"घेतलं!" व्हर्जिल म्हणाला. "फक्त पाकीट बायकोकडे आहे. तिकडे, चर्चच्या केकच्या टेबलावर."

"मग घेऊन ये. हे इथे ठेव."

"ठेवू कसं, बाई? ठेवलं तर गेलं."

"मग बायकोला बोलवून घे, पोरा."

पोरगा साठीचा होता. "पण तिला कळता कामा नये. तिच्यासाठीच घेतोय."

"आमचे हेही तोफेपर्यंत सगळं माझ्यासाठीच घ्यायचे," बाई म्हणाल्या. "चाकं नसलेली तोफ. शेवटी एका येड्याच्या गळ्यात मारली."

व्हर्जिलने विषय वाढवला नाही. वाढवता आलाही नसता, कारण तेवढ्यात डॉइल क्रॅट्झ येऊन उभा राहिला. डॉइल खिशात भिंग घेऊन फिरे आणि चर्चमध्ये प्रार्थनेच्या पुस्तकाची छपाईसुद्धा त्यातून तपासून बघे.

"काय रे व्हर्जिल, सुरात दिसतोस आज. बघू, हातातच राहू दे." त्याने वाकून भिंग डोळ्याला लावलं. "अरे देवा, लांब खाचांचं सिलिंडर! आणि बाकीचं... अरे अरे अरे. हे रिव्हॉल्व्हर आहे की पाण्याचा नळ? कुठल्या कसायाने केलं हे?"

"मला असंच आवडतं."

"तुला तोफही आवडली होती. ठेव खाली. मी सिलिंडर काढून माझ्याकडच्या दुसऱ्याला बसवतो, उरलेलं भंगारात. पुण्याचं काम आहे."

व्हर्जिलने मूठ घट्ट आवळली, आणि नेमका त्याच वेळी त्याच्या पँटच्या पट्ट्याचा चाप सुटला. आता एका हातात रिव्हॉल्व्हर, दुसऱ्या हातात पँट, आणि नाकाला खाज. डॉइल समोर हात बांधून उभा राहिला, गाईचं दूध निघायची वाट बघणाऱ्या मांजरासारखा.

"दमशील, व्हर्जिल."

"मी चक्कीवर दिवसभर लोंबकळतो."

"तिथे दोन्ही हात मोकळे असतात."

इमोजीनबाईंना ही गंमत पुरेशी वाटली नसावी. त्यांनी शेजारच्या टेबलाला हाक मारली, त्याने पुढच्या टेबलाला, आणि "आर्व्हेलाला बोलवा, व्हर्जिल अडकलाय" ही आरोळी सगळ्या हॉलमधून फिरून केकच्या टेबलाशी पोचली. व्हर्जिलने घाईघाईने मान झुकवून डोक्यावरची टोपी हातातल्या रिव्हॉल्व्हरवर पाडली. जमली. गेल्या तासाभरातलं त्याचं हे एकमेव यश.

आर्व्हेला आली ती अॅप्रन लावून, हातात केक कापायची सुरी.

"हे काय?"

"टोपी."

"टोपीखाली?"

"हात."

"आणि हातात?"

"आर्व्हेला, मुलांनी फोन केला होता का आज?"

तिने सुरीच्या टोकाने टोपी उचलली. बघितलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग तिने नाक मुरडलं.

"शी! हे कुणी केलं? मूठ बघा, उंदरांनी कुरतडल्यासारखी. आणि ही नळी! कापणारा प्यायलेला होता की आंधळा?"

"तेच म्हणतोय मी," डॉइल खूश होऊन म्हणाला.

"आणि हे टोकाला काय चिकटवलंय? शर्टाचं बटण? बाई, याचे तुम्ही पैसे मागता? घेऊन जायचे तुम्ही आम्हाला द्यायला हवेत."

व्हर्जिलचं भजन मधल्याच ओळीत थांबलं. कानांचा रंग उतरत उतरत पिठासारखा झाला. बटण! ती विसरली होती. जत्रा, नाणं, सगळंच. इतके वसंत तो ज्याच्यामागे फिरला, ते तिच्या लेखी एक कुरतडलेलं भंगार होतं. मग कुणासाठी घ्यायचं? त्याचा हात आपोआप खाली जाऊ लागला. टेबलावरचं कापड जवळ आलं. डॉइलने बांधलेले हात सोडले, बोटं पसरली.

"व्हर्जिल स्टकी! खाली ठेवलंस तर याद राख!"

हा आवाज आर्व्हेला पूर्वी बिथरलेल्या घोड्यांसाठी वापरायची. व्हर्जिलचा हात जागच्या जागी गोठला, डॉइलचाही गोठला, आणि पलीकडच्या टेबलावर एका गृहस्थाने हातातलं सँडविच वर धरलं. सगळा हॉल वळून बघू लागला.

"भाव पाडत होते ना मी, मठ्ठा!" आर्व्हेला म्हणाली. "इतकी वर्षं बाजार करतोस, आणि एवढं कळत नाही? आणि आंधळी नव्हते मी! करवत बोथट होती काकाची!"

तेव्हा व्हर्जिलने ते पाहिलं. आर्व्हेलाचे कान लाल झाले होते. डाळिंबासारखे. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने त्या केसांखाली कधी नीट बघितलंच नव्हतं.

इमोजीनबाईंनी सुया खाली ठेवल्या. "म्हणजे कसाई तूच?"

"मीच."

"आमचे हे म्हणायचे, कुणीतरी बँक लुटणारा असणार. त्या अर्ध्या नाण्यावर रोज संध्याकाळी एक नवी गोष्ट सांगायचे." त्यांनी आधी लाल कानांच्या एका जोडीकडे बघितलं, मग दुसऱ्या जोडीकडे. "भाव सांगितला तोच. वर तुझ्या टेबलावरचा एक अक्रोडाचा केक."

आर्व्हेलाने पाकीट काढलं आणि घासाघीस न करता पैसे मोजून दिले. हे पाहिल्याचं तिच्या चर्चमधल्या बायकांनी पुढे शपथेवर सांगितलं, तरी कुणी विश्वास ठेवला नाही.

"सिलिंडरचं काय ते बोलू या का?" डॉइल हळूच म्हणाला.

आर्व्हेलाने त्याच्याकडे नुसतं बघितलं. डॉइलला अचानक हॉलच्या दुसऱ्या टोकाला काम आठवलं.

व्हर्जिलने रिव्हॉल्व्हर टेबलावर न टेकवता हातातून सरळ तिच्या हातात दिलं. मूठ तिच्या तळव्यात गेली आणि तिथेच बसली, जणू सकाळीच बाहेर पडली होती. तिने एक डोळा मिटला, छताच्या पत्र्याकडे नेम धरला आणि अर्ध्या नाण्यावरून अंगठा फिरवला.

"घासायला हवं," ती म्हणाली. "काळं पडलंय." मग त्याच्याकडे वळून, "माझं सरबत राहिलंय."

व्हर्जिलने मोकळा झालेला हात खिशात घातला. खिशात काही नव्हतं. पाकीट तिच्याकडेच होतं. आर्व्हेलाने त्यातून एक नाणं काढून त्याच्या तळव्यावर ठेवलं आणि मूठ मिटवली.

"तुलाही घे. आणि आधी ती पँट लाव."

पण व्हर्जिल निघालाही होता. एका हातात नाणं, दुसऱ्या हातात पँट, आणि गळ्यात ते भजन, आता नाकातल्या नाकात नाही तर छत हलेल एवढ्या मोठ्याने. त्याच्या वाटेवरच्या टेबलांवर पटापट भाव वाढत गेले.