गावानं वर केलेले हात

बोटाला थुंकी लावून त्या बाईनं माझ्या हातावरचं गोंदण घासलं. मग बोट उजेडात धरून बघितलं आणि बाकीच्या बायकांना म्हणाली, "नाही गं निघत. खरं आहे."

मुलुंडचा तिसऱ्या मजल्यावरचा दिवाणखाना. टीपॉयवर सुरळीच्या वड्या. माझ्या दोन्ही हातांत पाण्याचा ट्रे होता, त्यामुळे हात मागे घेता येईना. एकीनं विचारलं, "दुखलं नसेल का हिला?" प्रश्न मला नव्हता, वसुधाताईंना होता. ताई म्हणाल्या, "त्यांना सवय असते."

त्यांना. आणि मी तिथंच उभी.

वसुधाताई म्हणजे मी ज्यांच्या घरी राहत होते त्या. डॉक्टरांची बायको, आदिवासींसाठी काम करणाऱ्या एका मंडळाच्या अध्यक्ष. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगते. वाईट असती तर मी पहिल्याच आठवड्यात निघाले असते. ती दिवाळीला मला साडी घ्यायची, ताप आला तर कपाळावर हात ठेवायची, आणि चारचौघांत "ही आमची मुलगीच" म्हणायची. मुलगी झोपायची स्वयंपाकघरात, ओट्याखाली.

मी तिथं थांबले होते माझ्या बासाठी. बा तुरुंगात होता.

आमचं गाव इंद्रावतीच्या अलीकडचं, गडचिरोलीच्या अगदी टोकाचं. जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता, पण आम्हाला सरकार ठाऊक होतं ते एकच, जंगलखात्याचा गार्ड. त्याला कोंबडं दिलं की सरकार खूश. आमच्या गावची एक रीत आहे. परका माणूस आला की त्याची सोय गोटुलात करायची. गोटुल ही सगळ्या गावाची जागा, नाचगाण्याची, बैठकीची आणि पाहुण्याचीही. तो कोण, कुठला, कशाला आला, हे आधी विचारायचं नाही. आधी घरटी तांदूळ गोळा करायचे, शिजवायचे, वाढायचे. ज्या घरातून तांदूळ आले नाहीत त्या घराला गाव नावं ठेवतं, आणि ती नावं लवकर पुसली जात नाहीत. माझा बा गावचा गायता, म्हणजे देवाधर्माचं बघणारा. म्हणून पहिली ओंजळ आमच्या घरची.

एका उन्हाळ्यात बंदूकवाले आले. आम्ही त्यांना दादालोक म्हणायचो, पेपरात त्यांचं नाव वेगळं होतं. त्यांनी ठेकेदाराला दम देऊन तेंदूपानाचा भाव वाढवून दिला. गार्डचं कोंबडं बंद झालं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. भीतीही वाटली होती. ते आले तसे गोटुलात उतरले आणि गावानं वाढलं. त्याआधी पोलीस आले होते, त्यांनाही तिथंच उतरवलं होतं, त्यांनाही वाढलं होतं.

मग पोलीस पुन्हा आले, या वेळी पुष्कळ. भर दुपारी सगळ्या गावाला गोटुलापुढं उन्हात बसवलं. साहेबानं विचारलं, "त्या लोकांना जेवायला कुणी घातलं?" माझा चुलतभाऊ आश्रमशाळेत शिकलेला, त्याला मराठी येत होतं. त्यानं साहेबाचा प्रश्न आमच्या माडिया भाषेत गावाला सांगितला.

सगळ्या गावानं हात वर केले.

म्हाताऱ्यांनी केले, कडेवर पोर असलेल्या बायकांनी केले. ज्या आत्याच्या घरात त्या वर्षी दाणा नव्हता, तिनंही केला. आमच्या घरून गेलं नाही, असं भर गावात कोण कबूल करणार? सगळ्यात आधी हात गेला तो बाचा. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. आमच्या गावात कुणी उपाशी गेलेलं नाही, हे साहेबाला एकदा कळलं की बरं, असा तो चेहरा होता.

पोलिसांना वाटलं, गाव आपली थट्टा करतंय. त्यानंतर जे झालं ते मी सांगत नाही. बाला आणि आणखी काही जणांना दोरीनं बांधून नेलं.

पावसाच्या आधी दादालोक आले. त्यांनीही गावाला त्याच जागी बसवलं. त्यांनी विचारलं, "पोलिसांना नावं कुणी सांगितली?" या वेळी एकही हात वर झाला नाही. गाव शिकलं होतं. मग त्यांनी माझ्या चुलतभावाला उठवलं. साहेबाशी बोलताना तो दिसला होता ना, तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी मोहाच्या झाडाखालून त्याचं मढं आम्ही उचललं. गळ्यात पाटी होती, खबऱ्या म्हणून. त्यानं फक्त एका बाजूचं बोलणं दुसऱ्या बाजूला सांगितलं होतं.

मी तेव्हा आश्रमशाळेत स्वयंपाक्याच्या हाताखाली होते. मुंबईचं मंडळ जुने कपडे वाटायला आलं, त्यात वसुधाताई होत्या. माझी हकिगत ऐकून त्या रडल्या. खरंच रडल्या. म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. आमच्याकडे हायकोर्टातले वकील आहेत. तुझ्या वडिलांना सोडवू." गावाला हे सांगितलं तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा उठून बसली. मुंबईचे लोक येणार. निघताना आत्यानं मला मोहफुलं बांधून दिली, वकिलासाठी.

ती मोहफुलं मुलुंडच्या फ्लॅटमध्ये फडताळात राहिली आणि त्यांना किडे लागले. ताईंनी नाकाला पदर लावून ती टाकून दिली.

आठ-पंधरा दिवसांनी मी विचारायची. "त्यांच्या कानावर घातलंय गं," ताई म्हणायच्या. पुढं पुढं मी विचारायला लागले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मी भांडी घासायची, डॉक्टरांचे शर्ट इस्त्री करायची आणि वाट बघायची. जिन्यात बुटांचा आवाज आला की मी मोरीत जाऊन बसायची. समोर शाळा होती. खिडकीतून वर्ग दिसायचा, बाईंनी प्रश्न विचारला की पोरं पटापट हात वर करायची. मी खिडकी लावून घ्यायची. ताई ओरडायच्या, घरात वारा नको का म्हणून.

त्याच इमारतीत पार्वतीबाई धुणीभांडी करायच्या. मालवणकडच्या, राहायला भांडुपला टेंभीपाड्यात. नवरा गिरणीतला, संपापासून घरी. जिन्यात भेटल्या की त्या माझ्या हातावर चहापावातला अर्धा पाव ठेवायच्या. फार बोलायच्या नाहीत.

मग मंडळाचा कार्यक्रम ठरला. "वकीलसाहेब कार्यक्रमाचे अध्यक्ष आहेत," ताई म्हणाल्या. "त्यांच्यासमोर तुझ्या तोंडून सगळं येऊ दे. मग बघ कसं काम होतं." गोंदण घासलं गेलं ते त्या कार्यक्रमाच्या बैठकीतच.

कार्यक्रमाच्या दिवशी, हॉलमध्ये स्टेजच्या मागे, ताईंनी माझी साडी सोडायला लावली. "अशी गोल नको. तुमच्याकडच्यासारखी नेस, गुडघ्यापर्यंत. आणि चप्पल काढ." मी म्हटलं, "ताई, मी इथं रोज अशीच नेसते." त्या म्हणाल्या, "अगं, लोकांना खरं दिसायला हवं ना." मी साडी वर खोचली. चप्पल काढली. बासाठी काढली.

स्टेजवर वकीलसाहेब खुर्चीत होते, गळ्यात हार. मी त्यांच्याकडे बघूनच बोलले. शाळेतलं मराठी, अडखळत बोलले. रीत सांगितली. दादालोक सांगितले. साहेबाचा प्रश्न सांगितला. आणि म्हटलं, "सगळ्या गावानं हात वर केले."

हॉल हसला.

कुणी वाईट हसलं नाही. लहान पोर बोबडं बोललं की हसतात ना, तसं. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती भोळी असतात गं." वकीलसाहेबही हसले. हारातलं एक फूल त्यांच्या मांडीवर पडलं, ते त्यांनी झटकलं. मला त्या उन्हातला बा दिसत होता, हात वर केलेला, आणि भोवती ही मुंबई हसत होती. मारताना पोलीस तरी चिडलेले होते. इथं सगळे मजेत होते.

मी पुढचं कसंबसं सांगितलं. भावाचं सांगितलं तेव्हा हसू थांबलं. मग प्रश्न. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठले. "पण बंदुका घेऊन आलेल्यांना तुम्ही जेवायला घातलंतच कशाला? तिथंच चुकलं तुमचं." मागून एक दाढीवाला तरुण उठला, झोळीवाला. "ताई, तुम्ही भीतीचंच सांगताय. गाव मनापासून त्यांच्या बाजूनं होतं, हे सांगा की." मी म्हटलं, "गाव गावाच्या बाजूनं होतं." त्याला ते आवडलं नाही. तो तोंड वाकडं करून खाली बसला. दोघांनाही माझ्याकडून एकच नाव हवं होतं, त्यांच्या मनातल्या मारेकऱ्याचं. दुसऱ्या बाजूनंही मारलं, हे दोघांनाही ऐकायचं नव्हतं.

वसुधाताईंनी माईक घेतला. "वातावरण फार गंभीर झालं, नाही का? आता आपली ही मुलगी तिच्या भाषेतलं गाणं म्हणून रेला नाच करून दाखवेल." टाळ्या पडल्या. माझ्या कानाशी येऊन त्या म्हणाल्या, "दोनच मिनिटं. साहेबांना आवडेल. मग मी लगेच तुझा विषय काढते."

रेला एकटीनं नाचत नाहीत. एकीचा हात दुसरीच्या कमरेत असतो, सगळ्या मिळून एक रांग असते. ती रांग मी कुठून आणणार होते? आणि ज्या घरातला माणूस कोंडलेला आहे त्या घरची बाई नाचत नाही. हे ताईंना मी पूर्वी सांगितलं होतं. त्यांनी तेव्हा "किती सुंदर प्रथा" म्हटलं होतं.

मी माईकपाशी गेले आणि म्हटलं, "मी नाचणार नाही."

ताई हसल्या. "लाजतेय."

"लाजत नाही," मी म्हटलं. "नाचणार नाही." मग मी वकीलसाहेबांकडे वळले. "माझ्या बासाठी तुम्ही येणार का? हो की नाही, तेवढं सांगा."

ते खुर्चीत सरकले. "असं स्टेजवर ठरत नसतं बाळ. केस काय आहे, कागद काय आहेत... बघू या."

तेव्हा मला कळलं की ताईंनी त्यांच्या कानावर काहीच घातलेलं नव्हतं. केस काय आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. इतके महिने मी ज्याची वाट बघत होते ते कधी निघालंच नव्हतं. मी खोचलेली साडी खाली सोडली, स्टेजवरून उतरले आणि मधल्या वाटेनं बाहेर पडले. चप्पल आतच राहिली.

घरी आल्यावर ताई खूप बोलल्या. "चार लोकांत मान खाली घालायला लावलीस. इतकं केलं तुझ्यासाठी." डॉक्टर पेपरमागून म्हणाले, "यांचं असंच असतं." मी माझं गाठोडं बांधलं. जिन्यात पार्वतीबाई बसल्या होत्या, सगळ्या इमारतीला बातमी लागली होती. मी म्हटलं, "आता कोण येणार हो?"

त्या म्हणाल्या, "कोण येवचो नाय, चेडवा. संप झालो तेवा आमी पण वाट बघलव. कोणतरी मोठो साहेब येतलो, गिरणी चालू करतलो. घोव अजून वाट बघता. तू बघू नको."

त्यांनी मला टेंभीपाड्यात नेलं. भांडुपच्या एका कारखान्यात मी औषधाच्या बाटल्या धुवायला लागले. हातांची सालं निघाली. गाडीभाडं साठलं की मी बाच्या तारखेला जायची.

कोर्टात बाचा जबाब होता त्या दिवशी मी शेवटच्या बाकावर होते. बाला मराठी येत नाही. जज्जसाहेबांनी विचारलं, जेवण दिलंस का? बा आमच्या भाषेत म्हणाला, "आलेल्याला वाढलं. पोलिसांनाही वाढलं होतं." शेजारच्या शिपायानं मराठीत सांगितलं, "मी त्यांना मदत केली, म्हणतो."

माझ्या चुलतभावाचं काय झालं ते मला माहीत होतं. मधे उभं राहून दुसऱ्याचं बोलणं सांगणाऱ्याला आमच्याकडे दोन्हीकडून मरण असतं. मी उठले.

"साहेब, तो असं म्हणाला नाही."

"खाली बस," शिपाई म्हणाला.

मी बसले नाही. बाचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, पोलिसांना वाढल्याचंही. मला बाहेर काढलं. पुढच्या तारखेला मी पुन्हा गेले, पुन्हा उठले. तिसऱ्या खेपेला साहेबांनी मला पुढं बोलावलं आणि बाचं बोलणं मराठीत सांगायला लावलं.

बा सुटला, पण फार उशिरा. छाती आत गेलेली. अंगणात कुणाची सावली पडली की तो उठून मागच्या दारानं निघून जायचा. ज्या माणसाची पहिली ओंजळ असायची, त्यानं पुन्हा कुणाला वाढलं नाही. त्याच पावसाळ्यात तो गेला.

बाटल्यांचं काम मी सोडलेलं नाही. पण आमच्याकडच्या कुणाची तारीख लागली की मी भांडुपहून निघते. कुणी बोलावत नाही. मागच्या वर्षी दादालोकांचा निरोप आला, कोर्टात जाऊ नकोस. गेल्या महिन्यात पोलिसांनी जीपमध्ये बसवून तेच सांगितलं. दोघांचे शब्दसुद्धा सारखे होते.

परवा तारीख आहे. नदीकाठच्या एका गावची बाई आहे, मराठी येत नाही तिला. मी जाणार आहे.