चार खोल्यांचा एक बल्ब

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून जेवढी काटकसर पिकत असेल, तेवढी आमच्या मावशीचे यजमान एकटे पिकवत. त्यांची मुलगी आणि आम्ही सगळे भाचे त्यांना तात्याच म्हणायचो. सांगवीला ओलिताखालची शेती, बाजारात त्यांच्या वांग्यांना नाव, आणि तरीही हा गृहस्थ पावसात छत्री उघडत नसे, का तर भिजून कापड कुजतं. मनगटावरच्या घड्याळाला चावी फक्त बाजाराच्या दिवशी. "वांगी काय टाईम इचारून येत्यात व्हय?" असं वर आपल्यालाच विचारत. गावात रंगीत टीव्ही आणि मोटारसायकली हप्त्यांवर येऊ लागल्या, तेव्हाही तात्या आपल्या अंथरुणाबाहेर पायाचं बोटसुद्धा काढायला तयार नव्हते.

घर चार खोल्यांचं, चारी खोल्यांत होल्डर, आणि बल्ब एक. "माणूस एका टायमाला एकाच खोलीत आसतंय. बाकीच्या काय उंदरांसाठी उजळायच्या?" हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे दिवेलागणीनंतर सगळं घर बल्बामागून फिरे. मावशीच्या भाकरी होईपर्यंत तो चुलीपाशी, मग उपरण्यात धरून माजघरात. एकदा जेवताना कुणाला तरी आतल्या खोलीत काही शोधायचं होतं म्हणून बल्ब गेला, तो परत येईपर्यंत मी आमटीत बोटं बुडवून बसलो होतो.

हसण्यावारी नेण्यासारखं होतं तोवर ठीक होतं. पण मावसबहीण लग्नाची झाली आणि आलेली दोन स्थळं तो अंधार बघून परत गेली. तिसरं कळस गावचं आलं तेव्हा ती म्हणाली, "तात्या, आजच्या दिवस तरी दुसरा बल्ब आणा. हे बी गेलं तर मी पुन्हा कुणाम्होरं बसायची न्हाय." तात्या "बघतो" म्हणाले आणि बघतच राहिले.

संध्याकाळी पाहुणे बैठकीत उजेडात बसले आणि बहिणीनं आत अंधारात अंदाजानं पोहे केले. ते इतके गोड झाले की शिरा म्हणून खपले असते. मुलाच्या वडिलांनी एक घास घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "जरा सैपाकघर बघू." तात्यांनी शांतपणे बल्ब काढला. मुलाचे वडील, मध्यस्थ आणि मी एकमेकांचे खांदे धरून आत गेलो. उजेड पडला तेव्हा बहीण साखरेचा डबा धरून रडत उभी होती. मला तात्यांचा भयंकर राग आला.

"कर्ज किती हाय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"न्हाय."

"सोसायटीचं?"

"कुणाचंच न्हाय."

पाहुण्यांनी मान वर करून त्या बल्बाकडे बघितलं. "आमच्यात लई उजेड हाय, तात्या," ते म्हणाले, "पर समदा हप्त्याव. पोरगी पसंत हाय." बैठकीत परतलो तर मुलानं अंधारात एकट्यानं सगळे पोहे संपवले होते. ते पाहून बहीण डोळे पुसता पुसता हसली.

लग्नानंतर पंचमीला ती पहिल्यांदा माहेरी यायची होती. तिची एसटी दिवेलागणीची. मी दुपारीच पोचलो, तर तात्यांनी बाहेर ओट्यावर नवा होल्डर बसवून घेतला होता आणि भर उन्हात बल्ब पेटवून रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मनगटावर घड्याळ चालू होतं. आत आता घर कसं ओकंओकं वाटत होतं.

"आवं, ऊन हाय की अजून," मावशी दारातून म्हणाली.

"आसू दे," तात्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "पोरीला लांबनं दिसंल."