शाळेच्या दाखल्यावरचं वय

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तीन दिवस झाले, कामात लक्ष लागत नाही — आणि लपवायचाही आता कंटाळा आलाय.

रविवारी कलबुर्गीला सिनेमा बघितला. मी, बायको आणि माझी धाकटी बहीण महादेवी. दोघं प्रेमात पडून पळून जातात, मागे पोलीस. मध्यंतरापर्यंत कुणी जागचं हललं नाही. नंतर पोरगा पकडला जातो, पोरीचं दुसरीकडे लग्न होतं — आणि सिनेमा बसतोच. लोकांनी मोबाइल काढले.

"सुरुवात किती झकास होती. मग कामून असं रेंगाळायलंय?" बायको म्हणाली.

"वैनी, पुढं असंच असतंय की," महादेवी हसली. "दाखवायसारखं काय घडतंय तवा?"

बायकोनं जीभ चावली. मी पडद्याकडे बघत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

महादेवीही पळून गेली होती. बावीस वर्षांपूर्वी, आळंदजवळच्या आमच्या गावातून, मिलिंदबरोबर. त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. तो बौद्ध घरातला. आम्ही लिंगायत, बसवण्णांचे, जातपात मानत नाही असं सांगणारे. तिसऱ्या दिवशी दोघं सापडले. ती ठाण्यात ओरडून सांगत होती — मी एकोणीसची हाय, माझ्या मनानं गेले. पण शाळेच्या दाखल्यावर सतराच भरत होती. आमच्याकडे तेव्हा निम्म्या पोरांचा जन्म एक जूनलाच झालेला असायचा. हिला आठव्या वर्षी शाळेत घातलं, मास्तरांनी अंदाजानं सहा लिहिलं.

फौजदारांनी विचारलं — दाखला बरोबर आहे का? आमच्या वडिलांना, अप्पांना नाही, मला. मी आकड्यात चुकत नाही, हे गावभर माहीत होतं. महादेवी माझ्याकडे बघत होती. सुटल्यासारखी — आता अण्णा सांगेल.

सांगू शकलो असतो का? हो. ती जन्मली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. घरातल्या पंचांगावर तारीख मीच लिहिली होती. त्या दिवशी ती एकोणीस वर्षं दोन महिन्यांची होती.

मी म्हणालो, "व्हय, बरोबर आहे."

मिलिंद चौदा महिने आत राहिला. सुटल्यावर गावात आला नाही. महादेवीला हळ्ळीखेडच्या एका विधुराला दिलं. ती समजते, मी तेव्हा घाबरून तारीख विसरलो. एकदा तसं म्हणालीही — माझीच समजूत काढल्यासारखं. मी मान हलवली. ते दुसरं खोटं — की पहिलंच, अजून चाललेलं?

सिनेमा सुटल्यावर बसला गर्दी होती. खिडकीची एक जागा महादेवीनं धरली, आणि मला हाक मारली.

"अण्णा, तू बस हितं. तुला गाडी लागतीया."

ती दांडा धरून उभी राहिली. मी बसलो.